एकसष्टपर्यंतची विमाने

४ जानेवारी

डॉक्टरांनी खडू माझ्या हातातून काढून घेतला आणि मी फळ्यावर लिहिलेलं वर्ष तळहाताने पुसून टाकलं. मग तोच पांढरा हात कोटाला पुसला आणि लिहिलं, १९७०.

"इथपर्यंत," ते म्हणाले. "सत्तरपर्यंतची सगळी विमानं जुनी."

"सत्तर साली तुम्ही केवढे होता?" बाईंनी विचारलं.

"असेन सात-आठ वर्षांचा."

"म्हणजे तुमचं बालपण इतिहासात जमा करायचंय."

"करा की. माझे दात केव्हाच जमा झालेत."

डॉक्टर दातांचे आहेत, त्यामुळे हे त्यांना शोभतं. बाई शाळेत भूमिती शिकवायच्या. मी क्लबचा सचिव. आमची तिघांची समिती आहे आणि काम एकच : मार्चमधल्या स्पर्धेत या वर्षीपासून जुन्या ग्लायडरांचा, म्हणजे हाताने बांधलेल्या बिनइंजिनच्या छोट्या विमानांचा, वेगळा गट ठेवायचा आहे, तर जुनं म्हणजे कुठल्या सालापर्यंतचं, ते ठरवायचं. बाईंना छप्पन्न हवं. मी त्यांच्या सांगण्यावरून छप्पन्नच लिहिलं होतं. डॉक्टरांनी पुसलं ते तेच.

गटाला 'स्मरणरंजन' नाव द्यावं असं मी सुचवलं. बाई म्हणाल्या, "'जुनी विमाने' म्हणा. रंजन होईल तेव्हा होईल."

निर्णय झाला नाही. निघताना दार उघडलं तशी छताला टांगलेली सगळी विमानं एकाच बाजूला थोडी वळली. कुणीतरी हाक मारल्यासारखी.

५ जानेवारी

घरी बायकोला गट समजावून सांगितला. विमान जुनं असायला नको, आराखडा जुना हवा. लाकूड कालचं चालेल, कागद आजचा चालेल.

"म्हणजे नवं विमान जुनं म्हणून उडवायचं."

"हो."

"आणि कुणाकडे खरंच जुनं असलं तर?"

"तेही चालेल."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. बहुतेक मनात हसत होती.

अप्पांचं, माझ्या वडिलांचं, विमान एकसष्टचं आहे. त्या वर्षी त्यांनी आखलं, बांधलं आणि त्यानंतर दुसरं बांधलंच नाही. मोडलं की जोडलं. फासळ्या बदलल्या, कागद तर कितीदा. मागच्या खोलीत त्यांच्या पलंगावर ते टांगलेलं असतं. बाकी कुठलं वडील माणूस पंखाखाली झोपत असेल असं वाटत नाही.

ग्लायडर पतंगासारखं चढवतात. एकाने धरायचं, दुसऱ्याने लांब दोरी घेऊन पळायचं. विमान डोक्यावर आलं की दोरी सोडायची. अप्पांचे गुडघे गेले, तेव्हापासून ते पळू शकत नाहीत. आणि खुल्या गटात जो पळतो त्याचंच नाव फळ्यावर लागतं. म्हणून नव्या गटासाठी मी एक कलम सुचवलं होतं : आखणारा मैदानावर हजर असेल, तर त्याच्या नावाने दुसऱ्याने पळालं तरी चालेल. ते दोघांनाही पटलं.

आता वर्ष एकसष्टपर्यंत आलं, की अप्पांचं नाव पुन्हा एकदा फळ्यावर लागेल. एवढंच मला हवं आहे. समितीत बसून असं काही हवं असणं बरोबर नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

११ जानेवारी

अप्पांनी उजाडताना उठवलं. मैदानावर धुकं गुडघ्याएवढं होतं. त्यात अप्पा विमान घेऊन उभे. पाय दिसत नव्हते. पाण्यात उभे असल्यासारखे वाटले.

"कसं चढतं ते मला बघायचंय. तू फक्त ओढ."

"मी?"

"दुसरं कोण आहे इथे?"

कुंपणापलीकडे एक घोडा होता. मी तिकडे बोट केलं.

"त्याला विचारून झालं," अप्पा म्हणाले.

मी कधी उडवलेलं नाही. मी वेळ घेतो. कुणाचं विमान किती वेळ वर राहिलं ते मोजतो. क्लबात मला 'घड्याळ' म्हणतात आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. आकाशाकडे बघत हातातलं बटण दाबणारा माणूस लागतोच. पण चाचणीपुरतं ओढायला काय जातंय, म्हणून रीळ घेतलं आणि पळालो.

दोरी ताणली गेली तेव्हा दुसऱ्या टोकाला काहीतरी जिवंत आहे असं वाटलं. मग ते एकदम डावीकडे वळलं आणि पंखाचं टोक गवताला घासत गेलं.

"घाबरून दोरी सैल सोडलीस," अप्पा.

"मी घाबरलो नव्हतो."

"बरं. दोरी घाबरली."

१४ जानेवारी

अप्पांनी दोरीचा हुक पुढे सरकवला आहे. चांगला बोटभर. मूळ जागेवरचं भोक बुजवून त्यावर कागदही चिकटवला.

हुक मागे असला की विमान उंच चढतं पण हातात ठरत नाही. पुढे असला की कमी चढतं, पण सरळ जातं, ओढणाऱ्याच्या चुका पोटात घालतं. पुढचा हुक नवशिक्यांच्या विमानाला असतो. अप्पांनी जन्मभर नवशिक्यांच्या हुकांची टिंगल केली. आता स्वतःच तो लावून बसलेत. वय माणसाला भित्रं करतं. त्यांना तसं बोललो नाही.

दुकानात दिवसभर काचा घासल्या. एका बाईंना जाड काचेचा चष्मा घालून दिला, तर त्या बराच वेळ समोरच्या भिंतीकडेच बघत राहिल्या.

१८ जानेवारी

एकसष्ट ठरलं.

मी असं मांडलं : विमान वर कसं जातं यावरून काळ ठरवू नये. वर सगळी सारखीच जातात. ते खाली कसं येतं ते बघावं. कारण ग्लायडरला खरी भीती जमिनीची नसते. वर चढणारी गरम हवा सापडली, की ते चढतच राहतं आणि दिसेनासं होतं. त्यासाठी शेपटीजवळ सुती वात लावायची. ती धुमसत धुमसत रबरापर्यंत पोचते, रबर तुटतं, शेपूट वर उचललं जातं आणि विमान गळालेल्या पानासारखं अलगद खाली येतं. पुढे वातीच्या जागी किल्लीची बारकी घड्याळं आली. आमच्या क्लबात पहिलं घड्याळ आलं बासष्ट साली. तेव्हा एकसष्टपर्यंत वातीचा काळ, आणि तोच जुना काळ.

बोलताना मला स्वतःलाच ते पटत गेलं. पण खरं लिहायचं तर आधी वर्ष सापडलं आणि मग कारण.

डॉक्टर म्हणाले, "माझं बालपण गेलं म्हणायचं."

"ते आधीच गेलंय," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "एकसष्ट. कारण चांगलं आहे. कारण चांगलं असलं की वर्षाबद्दल मी विचारत नाही."

त्यांना माहीत आहे. अप्पांच्या विमानाचं वर्ष क्लबात कुणाला माहीत नाही?

त्यांनी एकच अट घातली : त्या वर्षापर्यंत आखलेलं, आणि आखलं तसंच बांधलेलं. "कारण जुनं म्हणजे ज्यात सुधारणा थांबली ते," त्या म्हणाल्या. "नाहीतर ते फक्त वापरलेलं." तिघांनी सह्या केल्या. मला इतका आनंद झाला होता, की अटीचा विचार मी घरी आल्यावर केला.

२२ जानेवारी

अप्पांना सांगितलं, एकसष्ट ठरलं. ते नाकात शिसं ओतत होते.

"हे कशाला?"

"डोकं हलकं असलं की विमान हुंदडतं. परवा बघितलंस ना?"

"एकसष्टमध्ये होतं का शिसं?"

"एकसष्टमध्ये मी होतो. मला शिशाची गरज नव्हती."

मी म्हणालो, आखलं तसंच हवं, अशी अट आहे. ते म्हणाले, बरं. आणि ओतत राहिले.

संध्याकाळी त्यांनी पंखाला नवा कागद लावला. ओला कागद सुकताना ताणला जातो आणि बारीक आवाज करतो. दिव्यासमोर पंख धरला तेव्हा आतल्या फासळ्या एकेक दिसल्या, पानातल्या शिरांसारख्या. आम्ही दोघं तो आवाज थांबेपर्यंत ऐकत बसलो.

२५ जानेवारी

नवं रीळही केलंय. लाकडाचं, सुबक. पण मूठ चुकीच्या बाजूला. मी बायकोला दाखवलं. म्हटलं, बघ, अप्पांचं आता असं होतं.

"चुकीच्या बाजूला? धर बघू."

मी डाव्या हातात धरलं. लहानपणापासून मी सगळं त्याच हाताने धरतो.

"बसतंय?"

"बसतंय."

"मग," ती म्हणाली आणि आत गेली.

मग काय, ते तिने सांगितलं नाही.

२९ जानेवारी

स्वप्न. विमान माझ्या खोलीत गोल फिरत होतं, आवाज न करता. भिंतीजवळ आलं की भिंत जरा मागे सरकायची. मी घड्याळ शोधत होतो आणि सगळ्या खिशांत फक्त कागद होता, पातळ, पंखाचा. बायको म्हणत होती, शोधू नकोस, ते थांबणार नाही. ती नेहमीच्या आवाजात म्हणत होती, भाजी काय आणू असं विचारावं तशी.

२ फेब्रुवारी

पुन्हा मैदान. धुकं नव्हतं. घोडा होता.

या वेळी ते चढलं. सरळ, हळू, माझ्या चालण्याच्या वेगाने. पळावंसुद्धा लागलं नाही फारसं. दोरी हातात गुणगुणत होती. विमान डोक्यावर आलं तेव्हा पंखांतून ऊन येत होतं, कागद मधासारखा दिसत होता. अप्पा लांब उभे होते. मी वाट बघत होतो ते ओरडतील, 'सोड'. ते ओरडले नाहीत. शेवटी मीच सोडली. हात रिकामा झाला आणि अंगातून काहीतरी उतरून गेल्यासारखं हलकं वाटलं. किती वेळ वर होतं ते माहीत नाही. वेळ घ्यायला कुणी नव्हतं.

परतताना अप्पा शीळ घालत होते.

डॉक्टरांना हे विमान ओढायला आवडेल. उद्याच बोलतो त्यांच्याशी. ते रोज सकाळी धावतात, अप्पांच्या नावाने पळायला त्यांच्याएवढं योग्य कुणी नाही.

३ फेब्रुवारी

डॉक्टर एका पायावर तयार. अप्पा नाही.

"दंतवैद्य माझं विमान ओढणार? ओढायचं म्हणजे उपटायचं असं त्याला वाटतं."

"मग कोण ओढणार?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि चहा मागितला.

२० फेब्रुवारी

तपासणीचा दिवस. क्लबच्या लांब टेबलावर एकेक विमान ठेवायचं आणि शेजारी त्याचा आराखडा. बाई मोजणार, डॉक्टर आराखड्यावरचं माप सांगणार, मी लिहिणार.

अप्पांचं विमान आणलं तेव्हा खोलीतले सगळे जवळ आले. अप्पा स्वतः आले नव्हते. मीच त्यांना म्हटलं होतं, तुम्ही नका येऊ, बरं दिसत नाही. विमान मी दोन्ही हातांवर धरून आणलं होतं. वाटेत त्याला वारा लागला की ते हातांवर किंचित उठत होतं.

बाईंनी पट्टी लावली. हुक. नाक. शेपूट, तेही आखूड केलेलं निघालं. मला ठाऊकच नव्हतं.

"एका बोटाने काय होतं?" डॉक्टर हळूच म्हणाले. "पुढचं विमान ठेवू का टेबलावर?"

बाईंनी पट्टी खाली ठेवली. "सचिव तुम्ही आहात," त्या मला म्हणाल्या.

सगळे माझ्याकडे बघत होते, पण चांगल्या नजरेने. लिहिलं असतं 'पात्र', तर कुणी काही म्हटलं नसतं. उलट चहा मागवला असता. तेच मला सहन झालं नाही. मी 'अपात्र' लिहिलं. अक्षर नेहमीसारखं आलं.

निघताना बाई आराखड्याची सुरळी करत होत्या. त्यांनी विचारलं, "हुक पुढे, नाकात वजन, आणि मागे तुम्ही क्लबात आणून दाखवलंत ते रीळ. तुमचे वडील विमान कुणासाठी बांधतायत?"

"स्वतःसाठी," मी म्हणालो.

त्यांनी सुरळीला रबर लावलं आणि माझ्या हातात दिली.

२१ फेब्रुवारी

काल अप्पांना सांगायचं धैर्य झालं नाही. आज सांगितलं.

"बरोबर लिहिलंस," ते म्हणाले.

मी म्हणालो, अजून वेळ आहे, हुक मागे घ्या, शिसं काढा, शेपूट मी नवं करवून आणतो, बाई पुन्हा तपासतील. मी बरंच बोललो. एवढं वर्ष खेचून आणलं ते तुमच्यासाठी, असंही बोलून गेलो.

"मी सांगितलं होतं का?"

"नाही."

"मग?"

ते पलंगावर बसले होते, वर विमान.

"एकसष्टचं ते मला धड आठवतही नाही रे. वाईट उडायचं. तुम्ही म्हणता ते जुनं, म्हणजे ज्याला आता हात लावायचा नाही. मला अजून हात लावायचाय."

"पण अप्पा, मग तुमचं नाव लागणार नाही."

"नाव काय करायचंय? मला माझं नाव पाठ आहे."

मी चिडून बाहेर आलो. बायको कपडे वाळत घालत होती. मी म्हटलं, हट्टीपणा बघ. तिने एक ओली चादर माझ्या हातात दिली आणि दुसरं टोक तिने धरलं. आम्ही ती पिळली.

७ मार्च

उद्या स्पर्धा. संध्याकाळी फळा लावायला गेलो. बाईंनी जुन्या गटाची नावं अक्षरक्रमाने आधीच लिहून ठेवली होती. त्यात अप्पांची जागा कुठे आली असती, ते मी बघितलं. तिसरी.

मग खुल्या गटाचा फळा. सगळ्यांत खाली माझं नाव होतं.

चूक झाली असं समजून पुसायला गेलो, तर डॉक्टर म्हणाले, "पुसू नका. तुमचे वडील दवाखान्यात येऊन सांगून गेले. मी त्यांना फुकट दात तपासून देतो म्हटलं, तर म्हणाले, दात उद्या, नाव आज."

घरी आलो. अप्पा वातीचे तुकडे कापत होते.

"मी वेळ घेतो. मी उडवत नाही."

"माझ्या नावाने उडत नाही असं तूच लिहिलंस. मग तुझ्या नावाने उडव. खुल्या गटात जो पळतो त्याचं नाव. नियम तुमचेच आहेत."

"आणि वेळ कोण घेणार?"

"बाईंना विचारलंय."

सगळं ठरवून झालेलं. मला जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, लग्नाच्या आदल्या दिवशीही तू असाच बसला होतास.

८ मार्च

जसं आठवतं तसं लिहितो.

सकाळभर आम्ही थांबलो. अप्पा खुर्चीवर, गवताकडे बघत. बाकीचे उडवत होते. मी दोनदा विचारलं, आता? ते म्हणाले, हवा नाही. मग ऊन तापलं. एक वाळलेलं पान जमिनीवरून उठलं, फिरलं आणि खाली बसलंच नाही. अप्पा खुर्चीतून उठले.

वात पेटवायचं काम धरणाऱ्याचं असतं. त्यांनी विमान धरलं. मी रीळ घेऊन लांब गेलो, वळलो आणि हात वर केला. त्यांनीही केला. मी पळालो.

मला वाटतं मी फार पळालो नाही. ते आपणहून चढलं. दोरी आधी गुणगुणली, मग गप्प झाली, मग मला वर ओढू लागली. मी टाचा उचलून उभा राहिलो. दिवसाच्या मधोमध सगळं इतकं शांत कधी झालेलं मी बघितलं नाही. लोक असतील, बोलत असतील. मी सोडली.

ते वळलं. एक गोल, मग दुसरा, प्रत्येक गोल आधीच्यापेक्षा वर. दोन घारी होत्या, त्या त्याच्याखाली राहिल्या. मी चालत अप्पांजवळ आलो. हाताची सवय जात नाही, मी अंगठ्याने नसलेलं बटण दाबत होतो.

बाई म्हणाल्या, "पूर्ण वेळ झाला. पुढचा मोजत नाहीत."

आता शेपूट उचललं जायला हवं होतं. नाही उचललं.

"अप्पा, वात?"

त्यांच्या हातात काड्यापेटी होती. तिच्याकडे बघून ते म्हणाले, "विसरलो."

अप्पा काही विसरत नाहीत. मागच्या वर्षीच्या वाऱ्याची दिशासुद्धा त्यांना आठवते. पण वय आहे, एवढी धावपळ, चुकायचंच. मी म्हटलं, असू दे. डॉक्टर दुर्बीण आणायला धावले.

अप्पांनी डोळ्यांवर हात धरला होता. थोड्या वेळाने हात खाली घेतला.

"मला दिसत नाही आता. तुला?"

"दिसतंय."

"सांग."

मी सांगत राहिलो. पाण्याच्या टाकीवर आहे. वळतंय. झाडांच्या ओळीवर. पंखावर ऊन पडलं की चमकतं.

"अजून?"

"अजून."

ते ढगाच्या कडेला गेलं आणि तिथे पांढऱ्यात पांढरं झालं. अप्पांनी परत विचारलं. मी म्हणालो, वळतंय. त्यांनी माझं कोपर धरलं होतं. उभं राहून त्यांचे पाय दुखत असणार, पण ते बसायला तयार नव्हते, आणि मी सांगायचं थांबलो नाही.

पुढच्या फेऱ्यांना आमच्याकडे विमान नव्हतं. फळ्यावर माझ्या नावापुढे एकच आकडा राहिला. जुन्या गटात बाई दुसऱ्या आल्या. त्यांचं विमान चौपन्नचं, आखलं तसंच.

घरी आल्यावर अप्पा मागच्या खोलीत लगेच झोपले. पलंगावर नुसती दोरी लोंबत होती.

९ मार्च

सकाळी दुकान उघडलं नाही. मी तोंड धुऊन बाहेर आलो, तर अप्पा गाडीत पुढच्या सीटवर बसलेले होते, बायकोने दिलेला डबा मांडीवर. काल वारा पूर्वेकडे जात होता. आम्ही तिकडे निघालो.